ज्यूल सर

उजनीच्या काठानं कुठंही जा. कंदरला केळीच्या गाड्या भरत असतील, वांगीत उसाला पाणी चाललं असेल, कुगावात मासेमारांच्या होड्या काठाला लागल्या असतील. प्रत्येक गावाच्या वाट्याला एक ज्यूल सर आलेले असतातच. खरं नाव पगारपत्रकावर. शिकवायला नववीचं विज्ञान. पहिला धडा ‘गतीचे नियम’, दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’. पुस्तकाला त्यापुढंही धडे आहेत, ही गोष्ट पोरांना थेट पालकसभेत कळते.

सरांची श्रद्धा एवढीच, की जगातल्या प्रत्येक गोष्टीला एकक असतं आणि एकक लावलं की भांडण मिटतं. अशा माणसाला उजनीच्या काठावर मोठंच कार्यक्षेत्र आहे, कारण इथली सगळी भांडणं आधीपासूनच आकड्यांत चालतात. टक्के, टीएमसी आणि क्युसेक शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही तोंडपाठ. पण इथला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी बाजूचा असतो. एक डाव्या कालव्याचा, एक उजव्याचा, एक सोलापूरच्या पिण्याच्या पाण्याचा, एक भीमा-सीना बोगद्याचा. ज्यूल सरांचा आकडा तेवढा कुणाच्याच बाजूचा नसतो. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय गावाचं पान हलत नाही, आणि विचारून झाल्यावर त्यांचं ऐकायचं अशी काही पद्धत नाही.

2021 साली उजनीतून इंदापूरला 5 टीएमसी पाणी द्यायचं निघालं आणि सोलापूर जिल्हा पेटला. आंदोलनं झाली, पुतळे जळाले, शेवटी तो निर्णय मागं घ्यावा लागला. त्या धामधुमीत सर टपरीवर येऊन म्हणाले, “5 टीएमसी म्हणजे 14 कोटी घनमीटरच्या वर. समजा 50 मीटर उचलायचंय. पंपानं एक थेंब ऊर्जा वाया घालवली नाही तरी 1 कोटी 93 लाख युनिट लागतील. बिल कोण भरणार, हे विचारलंय का कुणी?” घोषणा देऊन घसा बसलेल्या मंडळींनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की सरांनी चहा निम्म्यावर सोडला. विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा, हे त्या गणितातून निघत नव्हतं. सरांना मात्र ते सुटल्यासारखं वाटत होतं.

सरांच्या शास्त्राची खरी कसोटी केळीच्या बागेत लागते. कंदरची केळी परदेशात जाते. ती गाडीपर्यंत मात्र माणसाच्या खांद्यावरून जाते. भरणीची टोळी घड घेऊन सरीतून ये-जा करत होती. सर बांधावर उभे. त्यांनी मुकादमाला समजावलं, की घड खांद्यावर घेताना कार्य झालं ते झालं. पुढं आडवं चालताना उचलून धरणारं बल वरच्या दिशेनं आणि चाल सपाटीवर. दोन्हींत काटकोन. म्हणून घडावर झालेलं कार्य शून्य.

मुकादम पान लावत होता. तो म्हणाला, “मग बांधापासनं गाडीपर्यंतची मजुरी कापू का, सर?”

सर दचकले. “छे, छे! स्नायू सारखे आखडतात, सैल होतात, त्यात पोटातली भाकरी जळते. फक्त ती ऊर्जा घडाला मिळत नाही, एवढंच. मजुरी कार्याची नसते, कष्टाची असते.”

“कष्टाचं एकक काय?”

सर बराच वेळ बांधावर उभे राहिले. टोळीनं तोवर निम्मी गाडी भरली. “त्याला अजून एकक नाही,” असं सांगून ते निघाले, पण त्या दिवसापासून टोळीत कुणी दमून बसला की बाकीचे विचारतात, “काय रे, शून्य झालं का?”

घरी हा व्यवहार जास्त कडक चालतो. नळाला दाब नसतो, त्यामुळं गच्चीवरची टाकी हंड्यानं भरावी लागते. वहिनी कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या राहिल्या तेव्हा सर खुर्चीवरून म्हणाले, “भरलेला हंडा 15 किलो, जिना 3 मीटर. म्हणजे हंड्यामागं 441 ज्यूल. एका भाकरीत 150 किलोकॅलरी धरल्या तर सव्वासहा लाख ज्यूल होतात. एका भाकरीवर 1423 हंडे चढतात, आणि तू दहा हंड्यांत दमलीस!”

वहिनी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, चतकोर भाकरी आणि शेंगाचटणी ताटलीत घालून आणली, सरांच्या पुढं ठेवली. “तीनशेपंचावन्न होतात. बाकीचे सोडले तुम्हाला.”

सर उठले. नवव्या हंड्याला त्यांना आठवलं, की हंड्याबरोबर आपलं 75 किलोचं शरीरही वर चढतंय. अकराव्याला आठवलं, की शरीर खाल्लेल्या ऊर्जेतला फार तर चौथा हिस्सा अशा कामाला लावतं. पायरीवर बसून त्यांनी नवं उत्तर काढलं: अख्ख्या भाकरीला 59 हंडे, चतकोराला पंधरा. ते ओरडून सांगितल्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मग अजून चार राहिले की.”

तक्रार मात्र वहिनींची फारशी नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सरांनी त्यांना धरणाचे दरवाजे उघडलेले दाखवायला नेलं, तेव्हाच त्यांना अंदाज आला होता. भीमानगरच्या बाजूला माणसांची ही गर्दी, कणसं, भजी, फोटो. एक्केचाळीस दरवाज्यांच्या त्या भिंतीखाली पाणी फुटून पांढरं होत होतं. सर म्हणाले, “जेम्स ज्यूल लग्नानंतर आल्प्समध्ये गेला तेव्हा धबधब्याचं वरचं आणि खालचं पाणी मोजायला थर्मामीटर घेऊन गेला होता म्हणतात. पडलेल्या पाण्याची ऊर्जा जाते कुठं? उष्णतेत. हे पाणी 30 मीटर पडलं असं धर. खाली 0.07 अंशानं गरम असणार.”

“मग त्यात बघायचं काय?” वहिनींनी विचारलं.

“तेच तर! डोळ्यांना दिसतच नाही.”

उन्हाळ्यात पाणी मागं सरकायला लागलं की सरांचा हंगाम सुरू होतो. पाणी जसं हटतं तसं काठावरचा शेतकरी मोटर, केबल आणि पाईप घेऊन त्याच्या मागं जातो, गाळात चाऱ्या खोदतो. वीज काही तासच मिळते, तेवढ्यात काय भिजेल ते भिजवायचं. अशा वेळी एकानं विचारलं, “सर, पाचची मोटर पुरंल का साडेसातची घेऊ?”

सरांनी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर गणित मांडलं. सेकंदाला 8 लिटर पाणी, चढ 20 मीटर, म्हणजे 1568 वॅट. एक अश्वशक्ती 746 वॅटची, तेव्हा पाचची मोटर 3730 वॅट. निम्मं वाया गेलं तरी भागतंय.

शेजारी वायंडिंगवाला मोटर उघडून बसला होता. हा माणूस नववीत दोनदा बसला होता, दोन्ही वेळा दुसऱ्याच धड्यापाशी. मान वर न करता त्यानं विचारलं, “पाईप किती लांब टाकलाय?”

“किलोमीटर.”

“केवढा?”

“तीन इंची.”

“अन् होल्टेज?”

“तीनशेच्या वर चढंना.”

“मग घ्या पाचची. होल्टेज न्हाई म्हणल्यावर ती करंट वढणार, तांबं तापणार, अन् पंधरा दिसांत हितंच येणार. माझं काय जातंय?”

ज्यूल सरांचा मोठेपणा अशा वेळी दिसतो. चिडले नाहीत. दुसरी पुडी मागून घेतली आणि नव्यानं मांडणी केली. अर्ध्या तासानं जाहीर केलं, की वायंडिंगवाला बरोबर आहे: एवढ्या लांब, एवढ्या अरुंद पाईपातून पाणी घासत न्यायलाच 20 मीटर चढापेक्षा जास्त जोर जातो. तेव्हा मोटर बदलण्याआधी पाईप चार इंची करा, घर्षण धाडकन उतरेल, आहे ती पाचची चालेल. वायंडिंगवाल्यानंही मान डोलावली. शास्त्र आणि अनुभव यांचं काठावर असं एकमत क्वचितच होतं.

शेतकऱ्यानं दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीहून दहाची मोटर आणली. कारण विचारल्यावर म्हणाला, “भावाची साडेसातची हाय.” शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ, ही सरांची व्याख्या. शक्ती म्हणजे भावापेक्षा अडीच जास्त, ही गावाची. पहिली परीक्षेत येते, दुसरी सातबाऱ्यावर.

गाडी चालवण्याची सरांची रीतही शास्त्रीय आहे. ब्रेक म्हणजे कमावलेल्या ऊर्जेचा नाश, असं त्यांचं मत. म्हणून टपरी दिसायला लागली की ते अंदाज बांधून इंजिन बंद करतात, म्हणजे उरलेल्या गतिज ऊर्जेवर गाडी बरोबर बाकड्यापाशी थांबावी. ती रोज दहा-बारा फूट अलीकडं थांबते. मग सर दोन्ही पायांनी जमीन मागं ढकलत येतात. “आज टायरात हवा कमी होती,” असं म्हणतात. हवा रोजच कमी असते.

याच विषयात मात्र त्यांची थट्टा कुणी करत नाही. गळीत हंगाम लागला की दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सर फळ्यावर लिहितात: ट्रॅक्टर-ट्रॉल्या 25 टन, वेग ताशी 18 किलोमीटर. मोटरसायकल दोन पोरांसकट 250 किलो, वेग ताशी 72. “ट्रॅक्टर हळू चाललाय म्हणून पुढनं गाडी घालता ना? त्याचा संवेग तुमच्या पंचवीसपट आहे. तो मनात आणलं तरी पटकन थांबत नाही. आणि तुम्ही 36 वरून 72 वर गेलात की संवेग दुप्पट होतो, ऊर्जा चौपट. ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट लांब जाऊन थांबते.” एवढं सांगून ते स्वस्थ बसत नाहीत. स्वतःच्या पैशानं रेडियमच्या पट्ट्या आणतात आणि संध्याकाळी चौकात उभे राहून ट्रॉल्यांच्या मागं चिकटवतात. एका ड्रायव्हरनं विचारलं होतं, “सर, यानं ऊस जास्त बसतो का?” सरांनी शांतपणे पट्टीचं दुसरं टोक दाबलं.

2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा टपरीवर एका म्हाताऱ्यानं शंका काढली, की पाणी एक तर असतं नाही तर नसतं, उणे कसं असेल? सरांच्या आयुष्यातला हा सोन्याचा क्षण होता. त्यांनी गाडीवरची धूळ पुसली आणि टाकीवरच बोटानं आकृती काढली. धरणात एकूण 117 टीएमसी मावतं. त्यातलं 63.66 तळचं, त्याला मृतसाठा म्हणतात. त्याच्या वरचं 53.57 उपयुक्त. शून्य धरलंय ते 491.03 मीटरला, शंभर टक्के 496.83 ला. सहा मीटरच्या आतला हा सगळा खेळ. “स्थितिज ऊर्जेचंही असंच असतं, बाबा. शून्य कुठं आहे, हे निसर्ग सांगत नाही. ते आपण ठरवायचं. शून्याच्या खाली गेलं की उणे, पण पाणी असतंच.”

बाबांनी आकृती मन लावून पाहिली. “म्हंजी शून्य कुठं धरायचं, ते आपल्या हातात?”

“पूर्णपणे.”

“मग ब्यांकेच्या सायबाला तेवढं सांगा की. माझं खातं दोन लाखानं उणे हाय. शून्य जरा तीन लाखानं खाली धरा म्हणावं. लाखभर माझंच शिल्लक निघंल.”

टपरी हसली. सर हसले नाहीत. त्यांना प्रश्न रास्त वाटला. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, “धरता येईल. पण शून्य कुठंही धरलं तरी दोन पातळ्यांमधला फरक बदलत नाही. आणि बँक व्याज फरकावर लावते.”

बाबांनी टोपी झटकली. “म्हंजी तुमचं शास्त्र बी ब्यांकेच्याच बाजूचं. एवढ्या दिसांत पयल्यांदा कुणाची तरी बाजू घेतली, ती बी अशी.”