भरती-ओहोटीला पाच गुण

पूर्व विदर्भातली कुठलीही एक नगरपरिषद समजा. संगणकप्रणालीची निविदा निघाली आहे. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळं एका क्लिकवर. पान 87 वर अट: डॅशबोर्डवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक दिसलं पाहिजे. असं काम पूर्वी केलेल्या निविदाकाराला पाच गुण.

गावाला समुद्र नाही. एक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे, त्यात मे महिन्यात पोरं क्रिकेट खेळतात.

अट आली कुठून हे विचारायची गरज नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी शहराची निविदा कंपनीच्या माणसाने पेनड्राइव्हवर आणून दिली, गावाचं नाव बदललं, समुद्र बदलायचा राहिला. साहेबांना मसुदा लिहायला सवड नाही, त्याला भरपूर आहे, शिवाय दिवाळीला काजूकतली आणतो. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून त्याचंच नाव आहे. ते पुसण्याइतकाही आब कुणी राखत नाही.

प्री-बिड बैठकीत एका छोट्या कंपनीतलं पोरगं उठलं. “सर, ही अट चुकून राहिली का?” चूक कबूल करायची तर मसुदा वाचलाच नव्हता हेही कबूल करावं लागतं. लेखी उत्तर आलं: निविदेतील अट कायम. पहिल्या शुद्धिपत्रकाने खुलासा केला, की हवामानबदल पाहता दूरदृष्टी ठेवणं आवश्यक आहे. दुसऱ्याने तलावाच्या पाणीपातळीतील चढउतार हीच भरती-ओहोटी समजण्यात यावी असं सांगितलं. तलावावरच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी लगेच स्वतंत्र लॉगिन मागितलं, तिसऱ्या शुद्धिपत्रकाने ते दिलं, आणि पौर्णिमा-अमावास्येला नागरिकांना एसएमएस जाईल अशी सोयही जोडली. एसएमएसचे पैसे वेगळे. तांत्रिक पात्रतेला 70 गुण लागत होते, पोराच्या कंपनीला 68 मिळाले. एकच निविदा पात्र ठरली आणि स्पर्धा निकोप झाल्याचं टिपण फाइलला लागलं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राचे 2017चे सामान्य वित्तीय नियम सांगतात, की मागणीचं वर्णन कामापुरतं असावं, विशिष्ट ब्रँडकडे बोट दाखवणारं नसावं. ब्रँडचं नाव निविदेत कुठे आहे? समुद्र आहे फक्त. केंद्राचंच 2015चं मुक्तस्रोत धोरण तर बहारदार आहे: मुक्तस्रोत सॉफ्टवेअर का वगळलं, याचं कारण पुरवठादाराने द्यायचं. म्हणजे लाडू घरी का करू नयेत, हे हलवायाने पटवायचं. तो पटवतो. ‘सुरक्षेच्या कारणास्तव.’

इथवर हसून झालं. आता काउंटरवर या. नातवाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेल्या आजीला सांगतात, सर्व्हर डाऊन आहे. चौथ्यांदा दाखला मिळतो, तर त्यावर ‘कृष्णा’मधलं जोडाक्षर मोडून पडलेलं. देखभालीचा करार चालू, पैसे दरवर्षी वेळेवर जातात, आणि एक नाव धड छापता येत नाही! दुरुस्ती म्हणे मूळ व्याप्तीत नव्हती, चेंज रिक्वेस्ट टाका. टाकली तर दर कंपनी ठरवणार, कारण सोर्स कोड कंपनीकडे. दुसऱ्याकडे जायचं म्हटलं, तर गावाच्या घरपट्टीच्या नोंदीसुद्धा ‘डेटा मायग्रेशन’चं बिल भरून सोडवून घ्यायच्या. घरं आमची, पट्टी आम्ही भरलेली, नोंदी आमच्याच कारकुनांनी रात्री जागून चढवलेल्या. त्या सोडवायला पैसे मोजायची ही अट कुणी लिहिली, तेव्हा साहेबांची सही कुठे होती, आणि सही करण्याआधी त्यांनी पान उलटलं तरी होतं का?