टायरचिकित्सक

सोलापूर शहरातील मध्यमवर्गाचे जे अनेक पोटप्रकार आढळतात, त्यांमध्ये वापरलेली मोटार घेऊन तिच्यासाठी नवे टायर शोधत फिरणारा गृहस्थ अद्याप अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला आहे. सोयीसाठी त्याला ‘टायरचिकित्सक’ म्हणता येईल. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी जिल्हा परिषदेत, सहकारी बँकेत किंवा अनुदानित शाळेत, घर जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याच्या अंगाला, आणि गाडी ‘पुणे पासिंग’, म्हणजे जिची पहिली नोंदणी पुण्याला झालेली असून मालकी राज्याच्या आतच बदलल्यामुळे जिचा एमएच १२ हा क्रमांक कायम राहिला आहे अशी, ही त्याची ढोबळ लक्षणे होत. सोलापूरचा क्रमांक एमएच १३ असला तरी पुण्याचा बारा मिरवण्यात त्याला संकोच वाटत नाही. उलट सात रस्त्यावर रिक्षावाल्याने आपल्याला परगावचा समजून शिवी आवरती घेतली, याचे त्याला सूक्ष्म सुखच होते.

ही गाडी त्याने घेतली कशी हे समजल्याशिवाय टायरांचा प्रश्न समजत नाही. ‘डॉक्टरांची गाडी आहे, दवाखाना ते घर एवढीच फिरलीय,’ या मेहुण्याच्या एका वाक्यावर, चहाचा कप रिकामा होण्याच्या आत हा कित्येक लाखांचा व्यवहार ठरलेला असतो. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, ठोकलेल्या पत्र्यावर रंग मारता येतो, आणि मालकी हस्तांतरणाच्या २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवरून आधीचा मालक डॉक्टर होता की गाडी भाड्याने पळवणारा, याचा काहीही उलगडा होत नाही, ही सर्व माहिती त्याला पैसे दिल्यानंतर कार्यालयातील सहकारी हप्त्याहप्त्याने पुरवतात. तेव्हापासून जी संशयबुद्धी जागी होते तिला गाडीवर चालायला वाव उरलेला नसतो, म्हणून ती सगळीच्या सगळी टायरांवर येऊन पडते. कारण टायर हा मोटारीचा असा भाग आहे की जो आपली जन्मतारीख, वजन पेलण्याची ताकद आणि धावण्याची मर्यादा अंगावर गोंदवूनच बाजारात येतो. माणसांनी काहीही सांगितले असो, रबर तरी खोटे बोलणार नाही, या श्रद्धेवर त्याची पुढची दोन महिन्यांची साधना उभी असते.

साधनेचा मुहूर्त दिवाळी संपून तुळशीची लग्ने लागण्याच्या सुमाराचा असतो, आणि त्यामागील कारणपरंपरा बरीच सयुक्तिक आहे. लग्नसराई उघडते, अक्कलकोट आणि तुळजापूर ही दोन्ही ठिकाणे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या टप्प्यात असल्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा दर्शनाची इच्छा व्यक्त करतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा, भरतो तेव्हा पाहुण्यांची संख्या दुप्पट होते, आणि नेमक्या याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन जिल्ह्यातले रस्ते मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात, ज्यांच्यामागे अचानक ब्रेक दाबावा लागला असता टायरला नक्षी शिल्लक आहे की नाही हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. नक्षी म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावरील खाचा. त्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते, आणि झिजत झिजत पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की मोटारीचा टायर कायद्यानेही संपला. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या टायरांचा या अवस्थेत गोटा झालेला असतो.

थंडीचा विचार मात्र त्याच्या डोक्यात जर्मनीतील भाचा घालतो. त्या देशात बर्फाच्या दिवसांत हिवाळी टायर लावणे बंधनकारक आहे, कारण पारा सात अंशांच्या खाली गेला की साधे रबर कडक होऊन त्याची पकड कमी होते, तर हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असते. ही माहिती मिळाल्यावर टायरचिकित्सक सोलापुरात, जेथे डिसेंबरातही दुपारी पंखा लावून वामकुक्षी घेतली जाते, दुकानोदुकानी डोंगराची खूण शोधू लागतो. एप्रिल-मेमध्ये याच शहरात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि टायरची खरी परीक्षा तेव्हा असते, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सोलापुरात राहणारा भाचा दुर्दैवाने कोणत्याच विषयातला जाणकार मानला जात नाही.

पुढची पायरी वाचनाची. जुन्या स्विफ्टच्या टायरवर ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ अशा आशयाची जी ओळ असते, तिच्यातील १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ऐंशी टक्के, आर म्हणजे आतील धागे आडवे विणलेला रेडियल टायर, आणि १४ हा रिमचा व्यास चक्क इंचांत. दशमान आणि इंग्रजी मापे एका ओळीत अशी नांदतात, जशा सोलापूरच्या एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू. ८५ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरला ५१५ किलो पेलतात असा होतो. चौघांचे मिळून २०६० किलो होतात, त्यातून गाडीचे वजन वजा करून उरलेल्यात सासरची मंडळी बसतात की नाही याचा हिशेब तो कार्यालयीन टिपणीच्या कागदाच्या पाठीमागे करतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ताशी साठच्या पुढे गेल्यास ज्याची पत्नी स्तोत्र म्हणू लागते, तो गृहस्थ १९० पुरतील का असे दुकानदाराला विचारतो तेव्हा दुकानदार गंभीर राहतो. धंद्याचा अनुभव तो हाच.

कंपन्यांचा इतिहासही त्याने पाठ केलेला असतो. सिएटचा उगम १९२४ साली इटलीतील तुरीन शहरात झाला आणि एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासमध्ये खेळण्यातले फुगे तयार करण्यापासून झाली, हे तो दुकानातील पोराला ऐकवतो, आणि फुगेवाल्यांना हवा कोंडण्याचे ज्ञान उपजतच असणार असा निष्कर्षही काढतो. निष्कर्ष पटण्यासारखा असला तरी त्यावर किंमत कमी होत नाही.

परंतु या व्यक्तिप्रकाराचे तेज खऱ्या अर्थाने प्रकट होते ते जन्मतारखेपाशी. टायरच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. ग्राहकाने टायर फार जुना घेऊ नये, कारण वापर नसतानाही रबर वाळते, एवढाच त्यांचा उपयोग. दाते पंचांग ज्या शहरातून प्रसिद्ध होते त्या शहरातील माणूस मात्र एवढ्यावर थांबत नाही. गुडघे टेकून, मोबाइलचा दिवा लावून, थुंकीच्या बोटाने धूळ पुसून तो ‘३१२४’ असे वाचतो आणि घरी जाऊन पडताळतो. २०२४ सालचा एकतिसावा आठवडा २९ जुलैपासून ४ ऑगस्टपर्यंतचा, आणि ४ ऑगस्टला आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी. त्या आठवड्यात कारखान्यातील कामगाराचे चित्त रबरावर कितपत असेल, असा प्रश्न तो दुसऱ्या दिवशी दुकानात उपस्थित करतो. त्याला ‘३२२४’ हवा असतो. त्या सोमवारी श्रावण लागला होता, हात शुद्ध होते. रबर मिसळणारी आणि टायर भाजणारी यंत्रे उपास करीत नाहीत, हे त्याला मान्य असते, तरी यंत्राचे बटण कोणीतरी दाबतोच ना, असे तो म्हणतो. येथे दुकानदाराचा संयम सुटतो. ‘टायर घेलालाव का सोयरीक जमवलालाव, साहेब?’ हे त्याचे उद्गार उद्धट वाटले तरी निरीक्षण म्हणून अचूक आहेत.

अखेर दोन टायर घेतले जातात. चार घ्यायचे असतात, दर चारचा काढलेला असतो, भाच्याला चारच कळवलेले असतात. पण दोन घेतले जातात. नवी जोडी पुढे लावावी की मागे, हा वाद त्यातून उद्भवतो. मागील चाकांची पकड ओल्या रस्त्यावर सुटली तर गाडीचे बूड फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही, म्हणून नवे टायर मागे लावावेत असा टायर बनवणाऱ्यांचा सल्ला आहे, आणि तो बरोबर आहे. ओढ आणि स्टेअरिंग दोन्ही पुढे, म्हणून नवे पुढे, हे गॅरेजचे शास्त्र. टायरचिकित्सक अर्धा तास वाद घालून नवी जोडी मागे बसवून घेतो, व्हील बॅलन्सिंग म्हणजे चाकाला शिशाच्या चिपा ठोकून त्याचे वजन सर्व बाजूंनी सारखे करण्याचा विधी डोळ्यांत तेल घालून पाहतो, आणि संध्याकाळी मेहुणा ‘नवे मागे? कोण लावतं का असं?’ एवढे बोलताच दुसऱ्या दिवशी मजुरी पुन्हा भरून ती पुढे आणतो. दोन महिन्यांचे वाचन मेहुण्याच्या एका वाक्यासमोर टिकत नाही, गाडीच्या वेळीही टिकले नव्हते.

हवेच्या बाबतीत त्याने नायट्रोजनचा आग्रह धरलेला असतो. रस्त्यावरच्या पंपातून फुकट मिळणाऱ्या साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे उरलेल्या भागाचेच तो पैसे देतो. पुढे उन्हाळा लागला की ‘ऊन आहे, फुटेल’ म्हणून तो हवा चार पॉइंट कमी ठेवतो. वास्तविक हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते, त्या दबण्याने रबर आतून तापते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. किती हवा ठेवावी हे गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते, आणि ती टायर थंड असताना, म्हणजे सकाळी मोजावी लागते. पण चौकटीवरचा तो कागद गाडीचा आहे, टायरचा नव्हे, त्यामुळे त्याच्यावर याचा विश्वास नाही. डिकीतील चटईखाली पडलेल्या स्टेपनीची जन्मतारीखही त्याने कधी वाचलेली नसते.

काढलेले जुने टायर दुकानदार भंगाराच्या भावाने मागतो, तो भाव अपमानास्पद वाटल्यामुळे ते घरी येतात आणि गच्चीवर विसावतात. टायरच्या पोकळीत साचलेले पावसाचे पाणी डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यास फार सोयीचे असते, म्हणून पावसाळ्यात महापालिकेची आरोग्यसेविका गच्ची तपासायला येते, टायर उपडे करते आणि वहीत नोंद घेते. त्या वेळी हा गृहस्थ शेजारी उभा राहून, १.६ मिलिमीटरचे उंचवटे बोटाने दाखवीत, यातला एक टायर अजून किमान तुळजापूरपर्यंत चालेल असे तिला पटवून देत असतो, आणि ती वहीच्या रकान्यात अळ्या आढळल्याची खूण करीत असते.