कडेनं या

आमच्या पेठ वडगावात तात्यांच्या घरी जायचं म्हणजे फाटकातच हाक ऐकायची तयारी ठेवावी लागते : "कडेनं या, कडेनं!" चप्पल हातात घेतली तरी सुटका नाही. लॉन माणसांसाठी नसतं, हे तात्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलंय.

तात्या मूळचे साखर कारखान्यातले ॲग्री ओव्हरसियर. तीस-बत्तीस वर्षं मोटारसायकलवरनं उसाच्या सऱ्या बघत हिंडले आणि हरळी दिसली की शेतकऱ्याला बांधावर उभं करून झाडलं. सेनापती धनाजी जाधव 1708 साली वडगावात वारले, समाधीही इथंच आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे म्हणतात. तात्यांना तशी कुठंही हरळी दिसायची. "एक कांडी ऱ्हायली तर सगळं रान खाईल, कळलं का?" हे वाक्य पंचक्रोशीत पोरांनाही पाठ आहे.

निवृत्त झाले, लेकीकडं पुण्याला आठ दिवस राहिले आणि तिथल्या सोसायटीचं लॉन डोक्यात घेऊन परत आले. काकींची कोथिंबीर आणि मेथी एका सकाळीत गेली. नर्सरीवाल्यानं मेक्सिकन गवताचे तुकडे गादीसारखे अंथरले. एप्रिलात गादी पिवळी पडली. "आता देशी लावा," नर्सरीवाला म्हणाला, "ऊन सोसतंय." पोतं उघडलं. तात्यांनी एक लांब दोरा उचलला, गाठीगाठीला फुटलेली पांढरी मुळं अंगठ्यानं चाचपली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकदम खाली बसले.

"अरे, ही हरळी की!"

"बर्म्युडा म्हणायचं, तात्या."

पदरचे पैसे मोजून हरळी विकत घेणारा वडगावात दुसरा कोणी झाला असेल असं वाटत नाही. काकी एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं, रानात जाऊन ट्रॉली भरून घेऊन आलो असतो की!"

हरळी मात्र झकास लागली. मग तात्यांना वाटायला लागलं, एवढं हिरवं केलं तर पाखरं यायला पाहिजेत. पहिले वन्यजीव आले ते हायवेवरनं, टेम्पोतनं : सिमेंटचे दोन बगळे. खरे काही येईनात. मी म्हटलं, "तात्या, कडेची हातभर पट्टी कापू नका, तुरे येऊ द्या. औषधाचा पंप बंद करा. पाण्याचं उथळ भांडं ठेवा." तात्यांनी नाराजीनं ऐकलं. गवताला तुरे आले तशा मनोल्या आल्या, काड्यांना लोंबकळून दाणे टिपायला लागल्या. तात्या खुर्ची टाकून बसले. मुंग्या आल्या तेव्हा मात्र "ह्यांना कुणी बोलावलं?" म्हणून उठले.

तात्यांचं सगळं आमंत्रणपत्रिकेप्रमाणं. पाहुणे पाहिजेत, पण त्यांनी पोरं आणायची नाहीत. ब्लू मॉर्मन हे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे आणि ते लिंबाच्या पानावर अंडी घालतं, असं मी सांगितल्यावर सोमवारच्या बाजारातनं लिंबाचं रोप लगेच आलं. सरकारी मान्यता असलेलं फुलपाखरू म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. पुढं पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं. तात्यांनी काडी लावली, तर शीट हलली! डोक्यातनं लाल शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. तात्या पंप आणायला धावले. "अहो, तेच फुलपाखरू आहे!" मी आडवा पडलो. "मग मोठं होऊन यायचं की," तात्या म्हणाले. अळ्यांनी रोप निम्मं खाल्लं. तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

लॉनच्या मधोमध एक टक्कल होतं. बांधकामाची खडी-मुरूम तिथं राहिलेली. काय केलं तरी गवत धरेना. तात्यांना त्याची फार लाज. लपवायला म्हणूनच बगळे तिथं उभे केले होते. मे महिन्यात त्या बगळ्यांच्या पायाशी, उघड्या खडीवर, टिटवीनं चार अंडी घातली. मातकट, काळ्या ठिपक्यांची. खडीत अशी मिसळून गेलेली की मी बोट दाखवूनही काकींना दिसेनात. हजारोंची हरळी सोडून बाईसाहेबांनी जागा पसंत केली ती टकलाची.

आता फाटक उघडलं की टिटवी किंचाळत थेट डोक्यावर झेपावते. तात्या स्वतः छत्री उघडून, भिंतीला अंग घासत, कडेनं येतात. एके काळी त्यांच्या शिव्या खाल्लेले ऊसवाले मुद्दाम अंडी बघायला येतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस दणकून, हा त्यांचा जुना हिशेब. तात्या त्यांना रस्त्यावर थांबवून उंची सांगतात, आणि दरवेळी ती दोन बोटं वाढते. टिटवी ओरडली की अपशकुन, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी परवा झाडलं. अगदी हरळीच्या काळातल्या आवाजात.

पिल्लं बाहेर पडायला चारेक आठवडे लागतात. तोवर तात्यांकडं कुणाचं काम असेल तर फोन करावा. यायचंच असेल तर मागल्या दारानं यावं.