चार आण्याची कोंबडी, शाईचा मसाला

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. पर्यटकांच्या गाड्या इथे थांबल्याच तर चहापुरत्या थांबतात, कारण सगळ्यांना पाचाड आणि रोपवे गाठायचा असतो. पण एके काळी रुपयाची नोट सोडली तर देशातली प्रत्येक नवी नोट ज्यांच्या सहीने निघायची, ते गृहस्थ याच गावात जन्मले. चिंतामणराव देशमुख, जन्म १४ जानेवारी १८९६. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. पुढे देशाचे अर्थमंत्री. सही नात्याच्या सुपुत्राची आणि शाई नाशिकच्या छापखान्याची. तेव्हा कागदावर शाई पडली की पैसा तयार व्हायचा. आता नात्यातल्या घरात कागदावर शाई पडली की पैसा जातो.

घरात प्रिंटर येतो तो मुलांच्या शिक्षणाचा हात धरून. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरली आणि गुरुजींनी स्वाध्याय व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळ घरांना वाटलं की महाडला खेपा घालण्यापेक्षा चार हजारांचं यंत्र परवडेल. एकदा ते टेबलावर बसलं की मग बाकीची कामं आपण होऊन येतात. सातबारा, आठ-अ, शिष्यवृत्तीचा अर्ज, बचत गटाचा ठराव, मुंबईच्या चाकरमान्याचं रेल्वेचं तिकीट. शेजारचे काका ‘एकच पान आहे रे’ म्हणत येतात आणि आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, त्याही रंगीत, घेऊन जातात. डिजिटल सहीचा सातबारा सरकार १५ रुपयांना देतं. तो छापायला शाई किती लागली, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायची वेळ येते ती पहिलं कार्ट्रिज संपल्यावर. तेही लवकरच येते, कारण अनेक प्रिंटरांच्या खोक्यात जे कार्ट्रिज मिळतं ते ‘सेटअप’चं असतं, त्यात शाई कमी भरलेली असते. घरधनी महाडला जातो, काळं आणि रंगीत मिळून भाव विचारतो आणि दुकानातल्या खुर्चीवर टेकतो. यंत्राच्या निम्मी किंमत! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याने प्रिंटर पाहिला नव्हता. पण धंदा त्याला अचूक कळला होता.

धंदा जुनाच आहे. दाढीचा दांडा स्वस्तात द्यायचा आणि पात्यांवर कमवायचं. प्रिंटर कंपन्यांनी त्यात एक भर घातली: कार्ट्रिजवर चिप बसवली. कितव्या थेंबाला शाई संपली, हे पुष्कळदा प्रत्यक्ष शाई पाहून नाही तर थेंब मोजून ठरतं, आणि परक्या कंपनीचं कार्ट्रिज दिसलं की यंत्र तोंड फिरवतं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी एका दिवसात परकी कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली, तेव्हा जगभर ओरड झाली. दुसऱ्या एका भांडणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी लेक्समार्क कंपनीला सुनावलं की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर तुमचा पेटंटचा हक्क उरत नाही. गिऱ्हाईक ते पुन्हा भरून घेवो की आणखी काही करो. महाडातले रिफिल करणारे हेच न्यायतत्त्व इंजेक्शनची सुई हातात धरून कधीपासून अमलात आणत होते.

ती सुई मात्र या गोष्टीत सुरुवातीपासून आहे. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंगची कांडी लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो, हे कळलं. एचपीही स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेली आणि १९८४ मध्ये तिचा थिंकजेट प्रिंटर बाजारात आला. आजही घरातला कार्ट्रिजवाला प्रिंटर म्हणजे हजारो सूक्ष्म बुडबुड्यांचा कारखाना आहे. एप्सनवाले शाई तापवत नाहीत. त्यांच्याकडे विजेने थरथरणारा स्फटिक थेंब ढकलतो. हा फरक फक्त परीक्षेसाठी नाही. शाई तापवणारं डोकं शाईवाचून कोरडं चालवलं तर जळतं, म्हणून रिफिल करायचं असेल तर अक्षरं पार पांढरी होईपर्यंत थांबू नये. कार्ट्रिज टाकूनच द्यायचं असेल तर खुशाल थांबावं. ‘शाई संपत आली’ अशी पाटी आल्यावरही ते बराच वेळ चालतं. ती पाटी म्हणजे अंदाज आहे, सातबाऱ्यावरचा फेरफार नव्हे.

आता हिशेब. चिंतामणरावांच्या गावात हिशेब न करता पान उलटणं बरं दिसत नाही. एचपीचं ६८० नंबरचं काळं कार्ट्रिज कंपनीच्या आकड्याप्रमाणे सुमारे ४८० पानं देतं आणि तिरंगी सुमारे १५०. नऊशेच्या आसपास भाव धरला तर काळं पान दोन रुपयांच्या घरात आणि रंगीत पान सहाला पडतं. बरं, ही पानं म्हणजे कोणती? आयएसओची ठरावीक नमुना पानं. अशा आकड्यांमागचा ढोबळ ठोकताळा असा, की पानाच्या शेकडा पाच भागावर एका रंगाची शाई पडावी. म्हणजे चार ओळींचं पत्र आणि खाली सही. मुलाने ‘माझा जिल्हा रायगड’ या प्रकल्पासाठी जगदीश्वराच्या मंदिराचा पानभर रंगीत फोटो छापला की दहा-पंधरा पानांची शाई एका पानात गेली. वर ते पान ओलं होऊन पन्हळीसारखं वाकतं आणि मुलगा म्हणतो, ‘बाबा, जरा फिकं आलंय, पुन्हा काढू?’

बाबांनी नाही म्हणावं. महाडातल्या फोटोवाल्याकडे तोच फोटो चांगल्या कागदावर कमी पैशांत निघतो.

तिरंगी कार्ट्रिजची आणखी एक खोड म्हणजे एकाच डबीत निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन कप्पे असतात. एक संपला की तिघांना एकदमच निरोप. पिवळा उरलेला असतो, निळा संपलेला असतो, आणि नऊशे रुपये मात्र तिघांचे. त्यातून पुष्कळ प्रिंटर काळं अक्षर छापतानाही रंग वापरतात, तीन रंग मिसळून काळं करतात. प्रिंट द्यायच्या खिडकीत ‘ग्रेस्केल’ आणि जिथे असेल तिथे ‘फक्त काळी शाई’ निवडायची. घरच्या वाचनापुरतं असेल तर ‘ड्राफ्ट’. या दोन-तीन टिचक्यांनी जितकी शाई वाचते तितकी दुसऱ्या कुठल्या उपायाने वाचत नाही.

अक्षरांचा प्रकार बदलून शाई वाचवायचेही प्रयोग झाले. विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे विद्यापीठाने २०१० मध्ये ईमेलसाठी बारीक रेघांचा सेंच्युरी गॉथिक फॉन्ट घेतला. हॉलंडमध्ये अक्षराला बारीक भोकं पाडलेला इकोफॉन्ट निघाला. मराठी माणसाला हे जमणं कठीण. आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेषा आडवी पडलेली असते, आणि तिची शाई कोणी माफ करत नाही. तरी ठळक टाइप टाळता येतो. ग्रामपंचायतीची नोटीस अख्खी ठळक छापली म्हणून वाचणारे वाढत नाहीत.

शाई वाचवण्याचा खरा विक्रम मात्र याच टापूतला आहे. शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना एक पत्र लिहायला सवड झाली नाही, तेव्हा त्यांनी कोरा कागद हातात धरून महाराजांना अख्खं पत्र वाचून दाखवलं, अशी आख्यायिका सांगतात. खर्च शून्य. आजचे प्रिंटरही कोरा कागद बाहेर टाकतात. वाचून मात्र दाखवत नाहीत.

तो कोरा कागद येतो डोकं चोंदल्यामुळे. आठवडे-आठवडे प्रिंटर पडून राहिला की भोकांपाशी शाई वाळते. मग ‘हेड क्लीनिंग’चं बटण दाबलं जातं, पुन्हा दाबलं जातं, आणि प्रत्येक वेळी चांगली शाई यंत्राच्या पोटातल्या स्पंजात जाते. डोकं कार्ट्रिजवरच असेल तर त्याआधी घरचा उपाय करावा. कार्ट्रिज बाहेर काढायचं, तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावायचं नाही. टिश्यू पेपर कोमट पाण्यात किंचित भिजवायचा, चौपदरी करून सपाट ठेवायचा आणि भोकांची बाजू त्यावर दोन मिनिटं हलकेच टेकवायची. उचललं की कागदावर तीन पट्टे दिसले पाहिजेत: निळा, गुलाबी, पिवळा, शेजारी शेजारी. दोनच उमटले तर तिसरा चोंदलाय; पुन्हा टेकवा. तिन्ही उमटले की कोरड्या टिश्यूने टिपून परत बसवा. आठवड्यातून एक रंगीत ओळ छापत राहिलं तर हे करायची पाळीच येत नाही.

डोकं चोंदण्याचं दुसरं कारण भिंतीवरचं बटण. कोकणात वीज जाणार म्हणून माणसं सगळं भिंतीवरून बंद करतात. प्रिंटर मात्र आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा. तेव्हाच त्याचं डोकं टोपीखाली जाऊन बसतं. उघडं राहिलं की वाळतं, आणि पुढच्या वेळी यंत्र पुन्हा आपली शाई पिऊन स्वतःची सफाई करतं.

पावसाळ्याचा विषय वेगळाच. जुलैत रिमचा कागद उघडा ठेवला की तो दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि यंत्र ‘पेपर जॅम’ म्हणून कण्हू लागतं. रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. दुसरं, बहुतेक रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या डायच्या असतात. काळी काही यंत्रांत पिगमेंटची असते, म्हणजे बारीक काजळीची, पाण्याला दाद न देणारी. काहींत चारही शाया डायच्याच. २२ जुलै २०२१ च्या पुराने महाड बुडवलं. ज्या गावात पाणी असं येतं, तिथे कागद जपून ठेवायचा असेल तर तो डायच्या शाईत छापू नये. तो लेझरवर काढावा. लेझरची पावडर प्लास्टिकची असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवली जाते, त्यामुळे भिजलं तरी अक्षर राहतं.

लेझरचं आणखी एक सुख म्हणजे तो वाळत नाही. सहा महिन्यांनी सुरू केला तरी छापतो. एचपीचा लेझरजेट १०२० आणि त्याचं ‘ट्वेल्व्ह ए’ टोनर भारतातल्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. टोनरला २,००० पानं, आणि रिफिल करणारा गावोगाव. फक्त घरच्या इन्व्हर्टरवर तो लावू नये. पावडर वितळवताना तो एकदम इतकी वीज ओढतो की इन्व्हर्टर मान टाकतो.

आणि ज्यांच्या घरात रोज छापणं आहे, म्हणजे शिकवण्या, सेवा केंद्र, पतसंस्थेची कामं, त्यांनी टाकीवाला घ्यावा. हा प्रकार आला तो गिऱ्हाइकांच्या जुगाडातून. इंडोनेशियासारख्या देशांत लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून शाई भरायचे. शेवटी एप्सनने २०१० मध्ये तिथेच स्वतःचा टाकीवाला प्रिंटर विकायला काढला. पुढे कॅनन आणि एचपीही आल्या. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली ६५ मिलिलिटरची, आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे साडेचार हजार पानांची. चारशे रुपये धरले तरी पान नऊ पैशांना. यंत्र महाग असतं, कारण इथे कोंबडी पूर्ण भावाने विकत घ्यावी लागते. टाकीतली शाई खालच्या रेघेखाली मात्र जाऊ देऊ नये; नळीत हवा शिरली की ती काढताना वाचवलेले पैसे परत जातात.

महिन्याला दहा-वीसच पानं लागत असतील तर सरळ झेरॉक्सच्या दुकानात जावं. पाच-दहा रुपयांचं पान ऐकायला महाग वाटतं, पण वाळलेल्या कार्ट्रिजपुढे ते स्वस्त आहे. नुसतं काळं छापायचं असेल तर लेझर, रोजचं रंगीत असेल तर टाकी. आणि तरीही कार्ट्रिजवालाच घ्यायचा असेल, तर दुकानात यंत्राचा भाव विचारायच्या आधी कार्ट्रिजचा भाव विचारा, खोक्यावरचा पानांचा आकडा वाचा आणि भागाकार तिथेच काउंटरवर करा. कॅल्क्युलेटर दुकानदाराकडे असतोच.