उशीवरून घसरलेली मान

मराठी भाषेने 'मान' या एकाच शब्दात शरीराचा एक अवयव आणि समाजातील प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी कोंबून ठेवल्यामुळे, गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील एखाद्या गृहस्थाचा मान गेला की मान गेली, हे ऐकणाऱ्याला लिंगावरून ओळखावे लागते. दुखण्याचे वर्गीकरण मात्र येथे काटेकोर आहे. झोपेतून उठताना मान एका बाजूला अडकून बसली तर ती 'धरते' किंवा 'आखडते'. बादली उचलताना कंबरेत वीज शिरली तर ती 'चमक'. पाय वेडावाकडा पडून स्नायू ताणला गेला तर ती 'लचक'. आणि पाठीत ठाण मांडून श्वास घेणेही महाग करणारी ती 'उसण', जिच्या नावात उसनवारीचा भास असला तरी, चाळीत शेजारी नेलेल्या वाटीभर साखरेप्रमाणेच, तिला परत जाण्याची घाई नसते.

धरलेल्या मानेला चिनी वैद्यकात 'लाओझन' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ 'उशीवरून घसरणे' असा होतो. दोन प्राचीन संस्कृतींनी एकमेकींना न विचारता एकाच आरोपीवर बोट ठेवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे, कारण मान आखडली की उशी उन्हात ठेवावी, हा उपाय मराठी घरातही पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. फरक इतकाच, की चिनी वैद्य उशीचे नाव घेऊन उपचार मानेवर करतो, तर गिरगावातील आजी मानेकडे ढुंकूनही न पाहता थेट उशीवर उपचार करते आणि गॅलरीच्या कठड्यावर पडलेली ती उशी पाहून अख्ख्या मजल्याला कोणाच्या घरात काय धरले आहे, याची वर्दी मिळते.

चिनी वैद्य मानेवर आणि पाठीवर ज्या मर्दनविद्येने उपचार करतो, तिचे नाव 'तुइना'. 'तुइ' म्हणजे लोटणे आणि 'ना' म्हणजे पकडीत धरून उचलणे. त्याहून जुने नाव 'आन्मो', म्हणजे दाबणे आणि चोळणे. थांग राजवटीत, म्हणजे सातव्या शतकापासून पुढे, राजवैद्यकाच्या विद्यालयात औषधे, सुया, मर्दन आणि मंत्र असे चार विभाग होते, त्यामुळे मालिश करणारा तेथे अध्यापकपदाला पोहोचला होता, आणि त्याच्या हातून गुण आला नाही तर रोग्याला शेजारच्या विभागात पाठवण्याचीही सोय होती. तुइनातील क्रियांची यादी वाचताना मात्र मराठी वाचकाला ग्रंथालयातून एकदम स्वयंपाकघरात आल्यासारखे वाटते: 'रोउ' म्हणजे मळणे, 'पाइ' म्हणजे थापणे, आणि 'गुन' म्हणजे हाताची मागची बाजू मनगटातून पुढेमागे लाटत नेणे, अर्थात पोळी आणि भाकरी या दोन्ही शाखांचा येथे समन्वय झाला आहे. विद्यार्थ्याला आधी वाळूच्या किंवा तांदळाच्या पिशवीवर सराव करावा लागतो आणि नंतरच माणूस हाती मिळतो. कणीक तिंबणे हा मराठीत मारहाणीचा वाक्प्रचार कसा झाला, हे पहिल्यांदा तुइना करून घेतलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक गोष्ट मात्र मुंबईच्या सोयीची आहे, की हे मर्दन बहुधा कपड्यांवरूनच, तेलाविना होते, त्यामुळे तेथून उठलेला माणूस सदऱ्यावर डाग न पडता कचेरीत जाऊ शकतो.

या विद्येचा आधार म्हणजे शरीरातून 'छी' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते, ती अडली की दुखते आणि मोकळी झाली की दुखायचे थांबते, ही कल्पना. वाहिन्यांवरील बिंदूंना ठिकाणांसारखी नावे आहेत: कवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत 'फंगची', म्हणजे वाऱ्याचे तळे, मान आणि खांद्याचे टोक यांच्या मधोमध 'ज्यानजिंग', म्हणजे खांद्यावरची विहीर. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडत नाहीत, हा आक्षेप आधुनिक वैद्यक घेते आणि तो योग्यच आहे; परंतु गिरगावकराला या आक्षेपाने विचलित होण्याचे कारण नाही, कारण त्याच्या पंचक्रोशीतील धोबी तलावात तलाव नाही, सी. पी. टँकला टाकी नाही, गोवालिया टँकवर गुरांना पाजण्यापुरतेही पाणी नाही आणि फणसवाडीत फणस विकतच आणावा लागतो, तरीही या पत्त्यांवर पाठवलेली पत्रे बिनचूक पोहोचतात. शरीराच्या नकाशावरही तळे नसताना पत्ता उरू शकतो, आणि दुखऱ्या माणसाला बोट नेमके कुठे ठेवायचे एवढाच पत्ता हवा असतो.

स्वदेशी परंपराही कमी समृद्ध नाही. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीचा, पाय पाठीला लावून घ्यावा, असा समज असल्यामुळे चाळीतील एखाद्या पायाळू काकूंना पदवी, फलक किंवा शुल्क यांपैकी काहीही नसताना भरपूर रुग्ण मिळत. गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा मालिशवाला हा दुसरा संप्रदाय. त्याच्या 'चंपी'चा, म्हणजे दाबून चोळण्याचा, हिंदी शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याचा 'शाम्पू' केला. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटन येथे याच विद्येचे स्नानगृह थाटून चौथ्या जॉर्ज राजाच्या दरबारी नेमणूक मिळवली. पुढे साहेबाने शब्दातली मालिश काढून घेतली आणि फेस तेवढा परत पाठवला. तिसरा संप्रदाय केशकर्तनालयातील कारागिराचा, जो दाढी झाल्यावर गिऱ्हाईकाची मान दोन्ही हातांत धरून कडकन मोडतो. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसून सांध्यातील द्रवात वायूची पोकळी होण्याचा असतो, आणि अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला क्वचित इजा होऊन पक्षाघातापर्यंत वेळ येऊ शकते, त्यामुळे ही फुकटची सेवा नम्रपणे नाकारणेच श्रेयस्कर.

लोटणे, धरणे, दाबणे आणि चोळणे या चारही क्रिया दादर स्थानकाच्या पुलावर सकाळी नऊच्या सुमारास मासिक पासाच्या किमतीतच होत असताना मुंबईकराची पाठ दुखावी का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे, की मर्दनाचा उपयोग सैल सोडलेल्या स्नायूला होतो, आणि लोकलमध्ये सैल सोडता येईल असा एकही स्नायू नसतो. एक हात वरच्या कडीत, दुसरा छातीशी धरलेल्या पिशवीवर आणि साडेचार-पाच किलो वजनाचे डोके मोबाइलवर झुकलेले, अशा अवस्थेत मानेचे स्नायू ते डोके तासभर मागे ओढून धरतात. बसायला मिळालेच तर ती बहुधा 'चौथी सीट' असते, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्ध्या बैठकीने राखलेले स्थान, ज्यावर कण्याचा वरचा भाग गाडीत आणि खालचा भाग मार्गिकेत प्रवास करतो. यात गणेशोत्सवात उंच मूर्तींकडे आणि गोकुळाष्टमीला त्याहून उंच हंडीकडे मान वर करून पाहण्याची भर पडते. एरवी साहेबापुढे मान खाली घालणाऱ्या माणसाला एवढी उलटी कसरत सोसत नाही.

चीनशी या भागाचे नाते मात्र विनोदाच्या पलीकडचे आहे. परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांच्यावरील चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढला, तोही परळच्याच राजकमल कलामंदिरातर्फे. त्याच पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे त्याच बिंदूंवर बोटांऐवजी सुया टोचण्याची विद्या, शिकून ती भारतात आणली. त्याच महाविद्यालयाशी जोडलेल्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातील पहिली भौतिकोपचार शाळा निघाली; या भौतिकोपचाराला आता सगळे फिजिओथेरपी म्हणतात आणि तो मालिशीपेक्षा व्यायामावर अधिक भर देत असल्यामुळे रुग्णांना तितकासा आवडत नाही.

पुराव्याचा निवाडा सौम्य आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मान्यवर संघटनेने २०१७ साली, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी शेक, मालिश आणि अ‍ॅक्युपंक्चर यांचा विचार करावा, असे सांगितले. पण त्याच दमात हेही सांगितले, की असे दुखणे बहुतेकांचे कोणताही उपचार केला तरी काही आठवड्यांत कमी होते. हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, ताप, पडल्यानंतरचे दुखणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर मात्र तुइना, चंपी आणि काकू या तिघांनाही वगळून सरळ डॉक्टर गाठावा.

एरवी दुखणे जायचेच असते आणि जाताना जो शेवटचा समोर असेल त्याच्या पदरात श्रेय टाकून जाते. मालिशवाला, पायाळू काकू आणि तुइनाचा जाणकार हे तिघेही मुंबईकराला एकच दुर्मीळ वस्तू देतात: अर्धा तास पालथे पडून राहण्याची सबब, जी त्याला कचेरी, घर आणि लोकल यांपैकी कोणीही देत नाही. त्या वस्तूला वाऱ्याचे तळे आणि खांद्यावरची विहीर अशी देखणी नावे देऊन तिची रीतसर फी ठरवण्याचे श्रेय चिनी लोकांना द्यावेच लागेल. उशी मात्र संध्याकाळी ऊन उतरल्यावर निमूटपणे आत येते, पुन्हा त्याच मानेखाली जाते आणि आरोपी असूनही बरे केल्याचे बिल कधी लावत नाही.