पुढच्या आवृत्तीत वाजवू

जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानात 1960च्या दशकात जन्मलेला गिटारचा अ‍ॅम्प घरी आला की तो सुधारायचा नाही. फार तर त्याचे व्हॉल्व्ह जायचे. आता तोच अ‍ॅम्प आपल्या भाऊबंदांसकट अ‍ॅक्स-एफएक्स थ्रीसारख्या डिजिटल डब्यात गणित होऊन नांदतो, आणि फर्मवेअर बदललं की त्याचा स्वभावही पालटतो. साहजिकच गिटारवाल्यांच्या गप्पा सुरांवरून आवृत्तीच्या आकड्यांवर आल्या आहेत. 2021मध्ये या डब्याच्या फर्मवेअरच्या सोळाव्या आवृत्तीबरोबर ‘सिग्नस’ नावाचं नवं मॉडेलिंग आलं, आणि कालपर्यंत ‘हुबेहूब व्हॉल्व्ह’ असलेला आवाज रातोरात प्लास्टिकचा ठरला. काल ऐकणारे कान कोणाचे होते, हे विचारायचं नसतं.

पुढचं अपडेट कधी? तयार होईल तेव्हा. कंपनीच्या एवढ्या उत्तरावर भक्तमंडळी आठवडाभर भाष्यं रचतात: रिव्हर्ब सुधारेल का, घडी बसलेले प्रीसेट विस्कटतील का? अपडेट येतं, आणि पहिल्याच तासात कोणीतरी सुस्कारा सोडतो, जुना आवाज जास्त ऊबदार होता हो! मग मागची आवृत्ती पुन्हा चढवली जाते. गिटारच्या तारा गंजल्यात, असं एखाद्याने सुचवलंच, तर तो हार्डवेअरचा विषय म्हणून बाजूला पडतो.