बारिश में कहाँ से आता?

(रंगमंचावर एक खुर्ची, एक रिकामी बादली. निवेदिका कागदांनी फुगलेली पिशवी दोन्ही हातांनी ओढत येते.)

घाबरू नका, घर सोडून आलेली नाही. हे होम लोनचे कागद. नुसत्या झेरॉक्स! मूळ कागदांची पिशवी उचलायला नवरा आणि वॉचमन गेलेत.

आम्ही काचीगुड्याचे. चार पिढ्या हैदराबादेत मराठीतून भांडतोय. आता भाड्याचं पुरे म्हणून कोंडापूरकडे एक फ्लॅट पाहिला. ९० लाख. बँक देणार ८० टक्के, म्हणजे ७२. उरलेले १८ आपले. मला वाटलं, झालं! तर नोंदणीचे साडेसात टक्के वेगळे. पावणेसात लाख! आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो खर्च घराच्या किमतीत धरतच नाहीत. म्हणजे त्यावर कर्जही नाही. मंगळसूत्राकडे हात गेला हो माझा.

(खुर्चीत बसून साहेबाच्या आवाजात) "मॅडम, सहा महिन्यांचं स्टेटमेंट पाहिलं. दर शनिवारी बिर्याणी?"

बँकेचं नाव विचारू नका, पुढच्या घराचं लोनही तिथूनच घ्यायचंय. मी म्हटलं, "साहेब, हैदराबादेत बिर्याणी हा खर्च नाही, इथं राहायचं भाडं आहे!"

मग सिबिल. कर्जफेडीची पत सांगणारा ३०० ते ९०० मधला आकडा. माझा ७८०. ह्यांचा ६४०! का? तर कॉलेजच्या मित्राच्या बाइकला जामीन राहिले होते. मित्र गेला डॅलसला, बाइक गेली भंगारात, हप्ता राहिला ह्यांच्या नावावर. सासूबाई म्हणाल्या, "लहानपणापासून मनानं मोठाच आहे तो." मोठाच आहे हो, पण बँकेत मन नाही ना दाखवता येत!

ही आमची तपासणी. आता घराची ऐका. बँकेचा व्हॅल्युएशनवाला आला. लिफ्टनं वर, चार फोटो, लिफ्टनं खाली. त्याचं तरी काय चुकलं? उद्या आम्ही हप्ते बुडवले तर घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच तो बघतो. नळ गळतो का, हे बघायला बँकेनं माणूस ठेवलेला नाही.

म्हणून मी काकांना नेलं. वय ७८, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. बिल्डरचा पोरगा टाय लावून माहिती देतोय, "ईस्ट फेसिंग, अंकल, पूरा वास्तू." आणि काका? काका फतकल मारून जमिनीवर! खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवायला लागले.

(गुडघ्यावर बसून) टण. टण. टण. (थांबून) ठप्प.

"हिच्याखाली सिमेंट नाही गं, हवा आहे."

पोरगा म्हणाला, "अंकल, नया टाइल है, बैठ जाएगा."

"बेटा, टाइल बैठेगा, फिर मैं गिरूंगा!"

मग बाथरूम. काकांनी बादलीभर पाणी ओतलं. (बादली ओतल्याचा अभिनय) जाळी उजवीकडे. पाणी डावीकडे! उंबरा ओलांडून, पाहुण्यासारखं थेट हॉलमध्ये. मी नुसती बघत राहिले.

मग बाल्कनी. पोराचा चेहरा फुलला. "लेक व्ह्यू, अंकल!" काकांनी चष्मा पुसला.

"पानी कहाँ से आता?"

"मंजीरा नदी का है, अंकल."

"वो नहीं. बारिश में कहाँ से आता?"

(शांतता. पोरगा फोन कानाला लावून सटकल्याचा अभिनय.)

काकांना तळं दिसलं की १९०८ आठवतं. तेव्हा त्यांचा जन्म नव्हता, तरी आठवतं! २८ सप्टेंबरला मुसी नदी शहरात शिरली. अफझलगंजला आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशे माणसं वाचली. ते झाड अजून आहे. काका म्हणतात, "हैदराबादेत खात्रीची प्रॉपर्टी तेवढीच."

तळं पूर्ण भरलं की पाणी जिथवर पोचतं, ती रेघ म्हणजे एफटीएल. दहा हेक्टरांच्या वरचं तळं असेल तर त्या रेघेपासून ३० मीटर बांधायचं नाही, लहान तळ्याला ९ मीटर. नियम २०१२ चा. पण लोकांना तो कळला जुलै २०२४ मध्ये हायड्रा ही सरकारी यंत्रणा आली आणि तळ्याकाठच्या बांधकामांवर बुलडोझर फिरले तेव्हा! आता आमच्याकडे मुलाचा फ्लॅट आहे म्हटलं, की मुलीचे वडील पत्रिकेआधी एफटीएल विचारतात.

तुम्ही म्हणाल, बँकेनं लोन दिलं म्हणजे कागद चोखच की! पाडलेल्या घरांपैकी काहींवर बँकांचं कर्ज होतं हो. घर ढिगाऱ्यात गेलं, तरी हप्ता महिन्याच्या पाच तारखेला हजर!

तो फ्लॅट आम्ही सोडला. पोराचा अजून फोन येतो, "मॅडम, बाथरूम का स्लोप ठीक कर दिया!" अरे, तळ्याचा स्लोप कोण ठीक करणार?

(पिशवी उचलत) तुमच्यापैकी कोणी घर बघत असेल तर एवढं करा. एचएमडीएच्या, म्हणजे हैदराबाद महानगर विकास प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तळ्यांचे नकाशे आहेत, टोकन देण्याआधी त्यात आपला सर्व्हे नंबर शोधा. बांधकामातले दोष तारीख घालून लेखी द्या. रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं ते बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचे असतात. आणि काका हवे असतील तर सांगा, रविवारी मोकळे असतात. नाणं त्यांचंच. बादली तेवढी तुमची आणा.